छावणीतल्या ठेका कामगाराची वाजवी मजुरी कशी काढायची: देवळालीतला हिशोब, पायरीपायरीने

भगूर, लहवित, संसरी, विहितगाव इथून सकाळी सहा-साडेसहाला निघालेल्या सायकली आणि मोपेड देवळालीच्या छावणीच्या गेटवर येऊन थांबतात. गेटपास दाखवायचा, सुपरवायझरच्या मस्टरवर सही नाहीतर अंगठा, की मग कुणी मेसच्या भांड्यांना लागतं, कुणी क्वार्टरच्या लाइनी झाडायला घेतं, कुणी बागेचा पाइप ओढतं. वर्दीवाल्यांचा दिवस या बिनवर्दीच्या माणसांपासून सुरू होतो. तोफखाना शाळा असो, नाशिकरोडचं आर्टिलरी सेंटर, गांधीनगरचं आर्मी एव्हिएशन किंवा ओझरचा हवाई दलाचा दुरुस्ती डेपो, चित्र सगळीकडे सारखंच.

मी अकरा वर्षं ठेकेदारांकडे पगारपत्रकं लिहिली. आता तेच काम कामगारांच्या बाजूने करतो. मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे: "दादा, आम्हाला खरंतर किती मिळायला पाहिजे?" त्याला एका आकड्याचं उत्तर देता येत नाही, पण उत्तर काढायची रीत मात्र आहे. ती इथे पूर्ण मांडतो. कामगारांच्या गटाला ती जितकी उपयोगी आहे, तितकीच टेंडरचा अंदाज तयार करणाऱ्या कार्यालयातल्या बाबूलाही. कारण एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे: मजुरी पगाराच्या दिवशी ठरत नाही, ती टेंडरच्या अंदाजपत्रकातच ठरून गेलेली असते.

आधी मालक कोण, ते शोधा

ही पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं. देवळाली कॅम्पात एकाच रस्त्यावर चार प्रकारचे मालक आहेत. लष्करी युनिट, एमईएस (लष्कराची बांधकाम-देखभाल करणारी सेवा) किंवा डेपोच्या आवारात ठेकेदारामार्फत काम करत असाल तर तुम्हाला केंद्र सरकारचे किमान वेतनाचे दर लागतात. कॅन्टोन्मेंट बोर्डाचं कामही केंद्राच्याच कक्षेत येतं. पण लाम रोडवरच्या एखाद्या सॅनेटोरियमचा वॉचमन, हॉटेलातला पोऱ्या किंवा दुकानातला नोकर यांना महाराष्ट्र शासनाचे दर लागतात. ते वेगळे असतात आणि त्यांचा विशेष भत्ता जानेवारी-जुलैत बदलतो. चौथा प्रकार युनिटच्या कॅन्टीनचा. तिथल्या नोकरांना सरकारी कर्मचारी मानता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. त्यांची नोकरी युनिटशी बांधलेली असते, म्हणून त्यांनी नेमणूकपत्र जपून ठेवावं.

गेटपासवर ठेकेदाराचं नाव असतं, ते लिहून घ्या. कामाचं कंत्राट कोणत्या कार्यालयाने दिलं तेही विचारा. ते कार्यालय म्हणजे मूळ मालक. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर येते. पूर्वी ही तरतूद ठेका कामगार कायद्यात होती, आता ती श्रमसंहितेत, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या नव्या कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यानुसार नेमणूकपत्र मिळणं हा आता प्रत्येक कामगाराचा हक्क आहे. ते मिळालं नसेल तर आजच लेखी मागा.

कामाचं वर्णन घड्याळ लावून लिहा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. ठेकेदाराच्या कागदावर "सफाई कामगार, अकुशल" एवढंच असतं. माणूस दिवसभर काय करतो ते तिथे कुठेच नसतं.

मेसमध्ये काम करणाऱ्या एका ताईंसोबत मी हे पहिल्यांदा केलं. मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीतली मागची पानं घेतली आणि आठवडाभर रोजचं रोज लिहायला लावलं. एका मंगळवारचं पान असं होतं: ६:४५ मस्टर. सातपर्यंत हॉल झाडून पुसला. ९:१५ पर्यंत नाश्त्याची भांडी. मग भाजी निवडली, कांदा चिरला, कणीक मळली. अकरा ते साडेबारा पोळ्या लाटल्या. अर्धा तास जेवण. अडीचपर्यंत पुन्हा भांडी. मग कोठारातली पोती सरकवली आणि फरशी धुतली. ४:२५ ला बाहेर.

त्या म्हणत होत्या, "आठ तास भरतात." पान वाचल्यावर आम्ही दोघं काही वेळ गप्प बसलो. जेवणाची सुट्टी वजा केली तरी नऊ तास दहा मिनिटं होत होती. रोज सव्वा तासाच्या आसपास ओव्हरटाइम, आणि तो कागदावर कुठेच नाही. शिवाय तीन तासांहून जास्त वेळ त्या स्वयंपाक्याच्या मदतनिसाचं काम करत होत्या, म्हणजे कागदावर लिहिलेल्या श्रेणीच्या वरचं.

पुढच्या हिशोबात मी रोज ६५० रुपये हा समजायला सोपा गोल आकडा धरतो. आठ तासांनी भागला की तासाला ८१ रुपये २५ पैसे. ओव्हरटाइमचा दर दुप्पट, म्हणजे १६२ रुपये ५० पैसे. रोजचा एक तास दहा मिनिटं, महिन्याचे २६ दिवस: साधारण ४,९०० रुपये. ताईंनी तो आकडा बोटाने दोनदा गिरवला. मुलीच्या अकरावीच्या क्लासची फी त्यांना त्याच महिन्यात भरायची होती.

वही लिहिताना दोन गोष्टी पाळा. वेळ त्याच दिवशी टिपा, आठवड्याने आठवून नको. आणि सोबतच्या एका कामगाराची सही घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर या वहीचा उपयोग होतो.

तळाचा आकडा

केंद्राच्या किमान वेतनासाठी देशातल्या शहरांची अ, ब, क अशी वर्गवारी आहे. नाशिक नागरी क्षेत्र ब मध्ये येतं आणि देवळाली त्यातच आहे. १९ जानेवारी २०१७ च्या अधिसूचनेतले ब क्षेत्राचे रोजचे मूळ दर बांधकाम आणि देखभालीसाठी असे: अकुशल ४३७ रुपये, अर्धकुशल ४९४, कुशल ५७९, अतिकुशल ६३७. झाडू-सफाईलाही ४३७ च. बिनहत्यारी पहारेकऱ्याला ५७९, हत्यारी पहारेकऱ्याला ६३७.

आता खरी मेख. हे मूळ दर आहेत, त्यांवर बदलता महागाई भत्ता, म्हणजे व्हीडीए चढतो. तो दरवर्षी १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. किती फरक पडतो ते अ क्षेत्राच्या उदाहरणावरून बघा. तिथला अकुशल दर २०१७ मध्ये ५२३ होता, तो ऑक्टोबर २०२४ पासून ७८३ झाला. म्हणजे २६० रुपये नुसत्या व्हीडीएचे. २०१७ चा कागद दाखवून "सरकारी रेट हाच आहे" असं सांगणारा ठेकेदार रोजच्या मजुरीचा तिसरा हिस्सा खिशात घालतो. असं पगारपत्रक मी स्वतः लिहिलेलं आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. नवा दर मुख्य श्रम आयुक्तांच्या (केंद्रीय) आदेशात मिळतो. त्याची प्रत फोनमध्ये ठेवा. नव्या संहितेखाली नवे दर येईपर्यंत हेच चालू आहेत.

महिन्याचा दर काढताना रोजचा दर गुणिले २६, कारण आठवड्याच्या सुट्टीचा मोबदला रोजच्या दरातच धरलेला असतो. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर त्याचे पैसे वेगळे. म्हणजे आपल्या उदाहरणात ६५० × २६ = १६,९०० रुपये. याच्या खाली पगार देता येत नाही. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाड क्रीडास्पर्धेच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम म्हणजे संविधानाच्या कलम २३ प्रमाणे वेठबिगारीच. हा मुद्दा तक्रारीत जरूर लिहा.

शेजारच्या पगाराशी ताडून बघा

किमान वेतन हा तळ झाला. १९४८ साली नेमलेल्या वाजवी वेतन समितीने किमान वेतन, वाजवी वेतन आणि निर्वाह वेतन हे तीन वेगळे शब्द वापरले, आणि वाजवी वेतन पहिल्या-तिसऱ्याच्या मध्ये बसवलं. त्या मधल्या जागेत नेमकं कुठे, हे ठरवायला तुलना लागते.

परक्या देशात लष्करी तळ असतो तिथे हा प्रश्न रोजचा असतो, म्हणून तिथली रीत बघण्यासारखी आहे. अमेरिकेच्या १९८० च्या परराष्ट्र सेवा कायद्यात तत्त्व असं आहे की स्थानिक नोकराचा पगार त्या गावात तशाच कामाला मिळणाऱ्या प्रचलित दरावर ठरावा. जर्मनीतल्या तळांवर १९६६ पासून सामूहिक वेतन करार आहे, त्यात कामाच्या वर्णनावरून वेतनगट ठरलेले आहेत. जपानची व्यवस्था मला सगळ्यात पटते. अमेरिकी तळांवरचे जवळपास २५ हजार स्थानिक कामगार जपान सरकार स्वतः नोकरीला ठेवतं, सेवा अमेरिकी फौजेला देतं आणि त्यांची वेतनवाढ आपल्या सरकारी नोकरांच्या वेतनवाढीच्या मागोमाग ठेवतं. तुलना कुणाशी करायची, यावर दरवर्षी नव्याने भांडावं लागत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. दक्षिण कोरियात १ एप्रिल २०२० ला अमेरिकी तळांवरच्या सुमारे चार हजार स्थानिक कामगारांना बिनपगारी घरी बसवलं गेलं, कारण तळाचा खर्च कुणी किती उचलायचा यावर दोन सरकारांचं जमेना. आणि इराक-अफगाणिस्तानातल्या तळांवर भारत, नेपाळ, फिलिपिन्समधून उपठेकेदारांमार्फत नेलेल्या माणसांचे पगार कामापेक्षा पासपोर्ट बघून ठरले. कितीतरी जण एजंटाचं कर्ज फेडतच राबले. देवळालीत पासपोर्टचा प्रश्न नाही, पण "गावातली बाई आहे, एवढ्यात येईल" हा त्याच जातीचा हिशोब आहे.

आपल्याकडे तुलनेचा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. त्याच आवारात तेच काम करणारा पर्मनंट एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचा सरकारी कर्मचारी) आहे. सातव्या वेतन आयोगाच्या पहिल्या स्तरावर त्याचा मूळ पगार १८,००० रुपये. जुलै २०२५ च्या दराने महागाई भत्ता ५८ टक्के, म्हणजे १०,४४०. घरभाड्याच्या सरकारी वर्गवारीत नाशिक वाय वर्गातलं शहर, म्हणून घरभाडं भत्ता २० टक्के, ३,६००. वाहतूक भत्ता ९०० आणि त्यावरचा महागाई भत्ता मिळून १,४२२. एकूण ३३,४६२ रुपये. शेजारी त्याच हौदावर भांडी घासणारीचे १६,९००, जवळपास निम्मे.

ठेका कामगारांच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत अट होती की मूळ मालकाच्या थेट कामगारासारखंच काम असेल तर वेतनही तेवढंच हवं, आणि काम सारखं आहे की नाही यावर वाद झाला तर केंद्रीय उपमुख्य श्रम आयुक्तांनी निर्णय द्यावा. सरकारी तात्पुरत्या कर्मचाऱ्यांसाठी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लावलं. तो निकाल थेट नेमलेल्यांचा आहे, ठेकेदाराच्या माणसाला जसाच्या तसा लागत नाही, हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो. खोटी आशा दाखवून कुणाची रोजी बुडवायची नाही. पण वाटाघाटीच्या टेबलावर तुमच्या वहीतलं पान आणि एमटीएसच्या कामाची यादी शेजारी-शेजारी ठेवली की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

घरखर्चाचा आकडा

१९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेलं वेतन काढायची रीत घालून दिली. कुटुंब तीन उपभोग एककांचं: कमावता १, जोडीदार ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. प्रत्येक एककाला रोज २,७०० कॅलरी, पूर्ण कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी २० टक्के. १९९१ च्या रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. वेतन संहितेच्या नियमांच्या मसुद्यातही हाच साचा आहे, फक्त घरभाडं अन्न-कपड्याच्या खर्चाच्या १० टक्के धरलं आहे.

या साच्यातली एक सोय सांगतो. अन्न आणि कपडे यांची बेरीज करा, त्यावर १० टक्के भाडं, आणि एकूण वेतनातले २० अधिक २५ असे ४५ टक्के इतर खर्चाला. गणित सोडवलं तर उत्तर बरोबर दुप्पट येतं. म्हणजे अन्न-कपड्याचे ९,५०० झाले तर सरकारी साच्याने वेतन १९,०००. किराणा दुकानाचं उधारीचं पुस्तक, दूधवाल्याचं कार्ड आणि भाजीचा अंदाज एवढ्या सामग्रीवर हे कुणालाही काढता येतं.

आता हाच साचा नाशिकच्या जमिनीवर ठेवा. ९,५०० च्या १० टक्के म्हणजे ९५० रुपये भाडं. कॅम्पात किंवा भगूरला एवढ्यात खोली मिळत नाही. ताईंचं भाडं ३,५०० होतं. म्हणून खरं भाडं धरून असं करा: अन्न, कपडे आणि भाडं यांची बेरीज १३,०००, तिला ०.५५ ने भागा. उत्तर २३,६३६ रुपये. घरात म्हातारी आई असेल तर तिचं अन्न वेगळं मिळवा, कारण तीन एककांत ती कुठेच नाही. किमान वेतन काढायची रीत सुचवणाऱ्या २०१९ च्या सत्पथी समितीनेही कुटुंब ३.६ एककांचं धरलं होतं.

आता तीन आकडे समोर आहेत: १६,९००, २३,६३६ आणि ३३,४६२. माझं मत स्पष्ट आहे. घरखर्चाच्या आकड्याखालची मजुरी वाजवी म्हणता येत नाही, मग ती कायदेशीर का असेना. मागणी तिथून सुरू करा, आणि काम जितकं एमटीएससारखं असेल तितकी वर न्या.

टेंडरमध्ये शिरल्याशिवाय पैसे येत नाहीत

ठेकेदाराकडे भांडून वाढ मिळाली तरी ती पुढच्या टेंडरला पुसली जाते. म्हणून टेंडर निघायच्या चार-पाच महिने आधी मूळ मालकाच्या कार्यालयाला लेखी निवेदन द्या आणि त्यात एका माणसाचा पूर्ण खर्च मांडा. किमान दरानेसुद्धा तो किती होतो ते बघा: मजुरी १६,९००. भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा प्रशासन आणि विम्यासह १५,००० च्या मर्यादेवर १३ टक्के, १,९५०. ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, ३.२५ टक्के, ५५०. बोनस ८.३३ टक्के, १,४०८. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ८१३. बेरीज २१,६२१. गणवेश, साबण-झाडू आणि ठेकेदाराचं सेवाशुल्क यावर वेगळं. जागा आठवड्याचे सातही दिवस चालत असेल तर दर सहा माणसांमागे एक रिलीव्हर, म्हणजे सुट्टीवरच्याच्या जागी येणारा बदली माणूस, धरायला हवा. नाहीतर ती सुट्टी कामगाराच्याच अंगावर पडते.

अंदाजपत्रक २१,६२१ च्या खाली गेलं, किंवा एखाद्याने सेवाशुल्क जवळपास शून्य भरून काम घेतलं, तर तो स्वतःचा नफा कुठून काढणार, हा प्रश्न निवेदनात उघड विचारा. दोन अटी घालायला सांगा: व्हीडीए वाढला की तेवढी रक्कम कार्यालय ठेकेदाराला आपोआप देईल, आणि मागच्या महिन्याच्या पीएफ-ईएसआयसीची चलनं कामगारांच्या नावांसह जोडल्याशिवाय पुढचं बिल निघणार नाही.

हातात किती पडतं

१६,९०० मधून पीएफचे १,८०० आणि ईएसआयसीचे ०.७५ टक्के, १२७ रुपये गेले की हातात १४,९७३ यायला हवेत (पुरुष कामगाराचा व्यवसाय कर यातून वेगळा जातो), आणि ते पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत. गणवेश, गेटपास, "ऑफिस खर्च" अशा नावाची कपात चालत नाही. ईएसआयसी कापली जाते पण कार्डच नाही, असं असेल तर आधी तो नंबर मागा, कारण आजारपणात त्याच्याशिवाय दवाखान्यात काही चालत नाही. पीएफचा यूएएन नंबर (खात्याचा कायमचा क्रमांक) घ्या आणि फोनवर पासबुक उघडून दर महिन्याची भर बघा. किमान वेतनाचेच तुकडे करून अर्धे एचआरए (घरभाडं भत्ता) दाखवलेले असतील, तर पीएफ कमी भरण्याचा तो डाव असतो.

सगळ्यात वाईट प्रकार बँकेत पूर्ण पगार टाकून रोख परत मागण्याचा. एका ठेकेदाराकडे वीस-बावीस जणांची एटीएम कार्डं सुपरवायझरच्या टेबलाच्या खणात रबर लावून ठेवलेली मी पाहिली आहेत. असं असेल तर बँकेत जाऊन कार्ड बंद करून नवं घ्या, आणि ते सगळ्यांनी एकाच दिवशी करा. एकट्याने केलं तर दुसऱ्या दिवशी गेटपास अडतो.

तक्रार कुठे, कोणत्या क्रमाने

पहिलं पत्र ठेकेदाराला आणि त्याची प्रत मूळ मालकाला, पोच घेऊन. सोबत माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज: कंत्राटातला वेतनाचा तक्ता, हजेरीपत्रक, पीएफची चलनं. उत्तराची मुदत तीस दिवस. सुरक्षेचं कारण पुढे केलं तर पहिलं अपील करा, झाडूवाल्याच्या मस्टरमध्ये देशाचं कोणतंही गुपित नसतं. त्यानंतर केंद्रीय श्रम आयुक्तांच्या यंत्रणेकडे, केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या समाधान पोर्टलवरून. अनेक जण राज्याच्या कामगार कार्यालयात खेटे घालतात आणि सहा महिन्यांनी "हे आमच्याकडे येत नाही" असं ऐकून परततात. थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, पण मस्टर बदललं, ठेकेदार बदलला की पुरावा विरतो. म्हणून पहिल्या महिन्यातच सुरुवात करा.

ताईंच्या गटाला ओव्हरटाइमची थकबाकी पूर्ण मिळाली नाही, मागच्या आठ महिन्यांचीच मिळाली. पण पुढच्या टेंडरमध्ये दोन सफाईच्या जागा "स्वयंपाक मदतनीस, अर्धकुशल" म्हणून आल्या. ती वही अजून चालू आहे. १ ऑक्टोबर आणि १ एप्रिलला त्या नवा व्हीडीए पहिल्या पानावर लाल पेनाने लिहितात आणि सकाळी गेटवर सगळ्यांना दाखवतात.